गावपळणीत राहिलेली कोंबडी

वेळण्याची हौसाबाई घरात जितकी बोलकी तितकीच चारचौघांत मुकी. विहिरीवर तिची जीभ अशी चालायची की घागर भरून वाहू लागली तरी तिला पत्ता नसे. पण देवळात गावकी बसली की ही खांबाआड. अशा बाईने जन्मात दोनदा गावकीपुढे तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा एका परक्या पोरीपायी. पोरगी अमेरिकेची, नाव नोरा.

पहिल्यांदा बोलली ती चौसष्ट साली, भातकापणीच्या सुमाराला. अमेरिकेतली शिकलीसवरलेली तरुण पोरं त्या वर्षांत आपल्याकडच्या खेड्यांतून कामाला येत होती. कुणी शेतीसाठी, कुणी विहिरींसाठी, आणि ही नोरा कोंबड्यांसाठी. मालवणहून आलेल्या सरकारी साहेबाने देवळात बसून सांगितलं, की बाई पांढऱ्या विलायती कोंबड्या पाळायला शिकवील, गावाने फक्त तिला राहायला खोली द्यायची. कोंबड्या कुणाला नको होत्या? पण गोरी बाई घरात कोण घेणार? काय खाऊन आली असेल, शिवाशिव कळेल की नाही, चुलीपाशी येऊन बसली तर उठ कसं म्हणायचं? भाई गावकार, म्हणजे गावचे पहिले मानकरी, सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि सगळे जमिनीकडे.

तेवढ्यात खांबाआडून आवाज आला, "माज्या पडवेतली खोली रिकामी आसा."

भाईंना खरं वाटेना. त्यांनी परत विचारून घेतलं आणि मग म्हणाले, "हौसा, इचार करून बोल. ता चेडू तुज्या घरात रवला म्हणजे तुजा माणूस झाला. तेचा बरा-वायट तुज्या माथ्यार."

"व्हय. माज्या माथ्यार."

आता ही बाई अशी कशी बोलून गेली? त्याला कारण तिचा नवरा. बाबू तांडेल गलबत घेऊन बसऱ्याला जायचा. जाताना नारळ, काथ्या, कौलं आणि येताना खजूर. एका खेपेला त्याला तिकडे असा ताप भरला की गलबत त्याला तिथेच टाकून परतलं. एका खजुराच्या व्यापाऱ्याने त्याला घरी नेऊन महिनाभर सांभाळलं. परत आल्यावर बाबू वर्षभर त्याच गोष्टी सांगत होता: ते सगळे एका परातीत हात घालून जेवतात, घरची बाई पडद्याआडून पेज द्यायची, तिचं तोंड मी कधी बघितलं नाही. शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "माका तेंच्या भाशेत पाणी मागूक येय, बाकी काय नाय. तरी मेलंय नाय मां? कोण परको दारात इलो तर नाय म्हणू नको गो, हौसा."

तो गेला छप्पन साली. त्याच्या जाण्याची गोष्ट सांगायची तर आधी गावपळणीची सांगायला हवी.

वेळण्याची ही फार जुनी चाल. दर चार-पाच वर्षांनी ग्रामदेव रवळनाथाला कौल लावतात, आणि देवाने हुकूम दिला की अख्खा गाव घरंदारं सोडून शिवेबाहेर जातो. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या माळावर झावळ्यांच्या झोपड्या बांधून तीन दिवस तीन रात्री राहायचं. गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या सगळं बरोबर. गावात चूल पेटायची नाही, दिवा लागायचा नाही, श्वास घेणारं काही मागे ठेवायचं नाही. चौथ्या दिवशी मानकरी देवळात जाऊन पुन्हा कौल घेतात. देवाच्या अंगावर लावलेली पाकळी उजवीकडून पडली की ढोल वाजतो आणि गाव घरी येतो.

छप्पनच्या गावपळणीत म्हणे कुणीतरी माडी काढायला चोरून शिवेत शिरला होता. कोण, ते कधीच कळलं नाही. त्यानंतर पंधरा दिवसांत बाबू तांडेलाचं गलबत वेंगुर्ल्याच्या खडकांवर फुटलं आणि गावाने दोन्ही गोष्टींची गाठ मारून टाकली. हौसाबाई त्या बिननावाच्या माणसावर आठ वर्षं रागावून होती. तिचा राग चोरीबद्दल नव्हता. "माणूस चुकता, माका म्हायत आसा," ती म्हणायची. "पण कौलाआधी भाईंनी सगळ्यांका इचारल्यानी, तेवा तो तोंडात गुळणी धरून कित्याक बसलो? बोललो असतो तर देवान काय खाल्ल्यान असता?"

तर अशा घरात नोरा आली. मुलगा बाळा मुंबईला गोदीत, म्हणजे घरात ह्या दोघीच. पोरगी उंच, नाकावर तीळ आणि सबंध तोंडावर ठिपके. मराठी पुस्तकात शिकून आलेली, त्यामुळे हौसाबाईच्या मालवणीपुढे पहिला महिना तिची गत बसऱ्यातल्या बाबूसारखीच झाली.

नोराच्या वागण्याने हौसाबाई चक्रावून जायची. पाणी दिलं की थँक्यू, भाकरी वाढली की थँक्यू, कंदिलाची काच पुसून दिली तरी थँक्यू. "ह्या काय गो सारख्या सारख्या?" हौसाबाई एकदा वैतागलीच. "माका परक्यासारा वाटता. पोटच्या पोरान आवशीक कधी असा म्हटलेला आयकलंस?" नोरा ओशाळली आणि सवयीने म्हणाली, "थँक्यू, मावशी."

दुसरं म्हणजे दार. भर दुपारी पोरगी खोलीचं दार लावून बसायची. पहिल्या दिवशी हौसाबाईला वाटलं दुखतंखुपतं असेल. ती दाराबाहेर बसून राहिली, मधूनमधून हाका मारत. नोराने सांगितलं की तिला काही झालेलं नाही, रोज थोडा वेळ एकटीने बसलं की तिला बरं वाटतं. हौसाबाईने ही गोष्ट शेजारच्या तुळसाला सांगितली तेव्हा दोघींनी तोंडाला पदर लावला. एकट्याला भय वाटतं, बरं कसं वाटेल?

नोरालाही कमी अचंबे नव्हते. रस्त्यात भेटेल तो विचारायचा, "खंय चललंस?" म्हणजे कुठे निघालीस? तिला वाटलं आपल्यावर पाळत ठेवली आहे. बिचारी उभी राहून प्रत्येकाला सविस्तर सांगायची, की मी आता नर्मदाबाईंच्या घरी जाते, तिथे खुराड्याला चुना लावायचा आहे, मग तिकडून शाळेत. ऐकणारा चार पावलं पुढे निघून गेलेला असायचा. अखेर तुळसाने तिला शिकवलं, की ह्या प्रश्नाला "हंयसरच" म्हणजे इथेच, एवढंच उत्तर द्यायचं आणि चालू पडायचं.

पण दोघींचं खरं वाजलं ते लोणच्याच्या बरणीवरून. बरणी फुटली नोराच्या हातून. तुळसा आवाज ऐकून डोकावली तशी हौसाबाई म्हणाली, "मांजरान पाडल्यान गो." तोच आतून नोरा बाहेर येऊन म्हणते, "नाही. मी फोडली. चूक माझी आहे." तुळसा हसत गेली, हौसाबाईचं तोंड एवढंसं झालं.

"घरातली चूक घरात ठेवची," ती नंतर म्हणाली. "भायर तुजा नाव जायत नाय, घराचा जाता. माजा जाता."

"पण बरणी तू फोडली नाहीस, मावशी."

"तू फोडलंस म्हणजे मी फोडलंय."

नोराने पुष्कळ विचार केला, पण हे गणित तिला काही सुटलं नाही. तिच्या गावी ज्याची चूक त्याची. बापाची पोराला लागत नाही आणि पोराची बापाला.

डिसेंबर लागला तशी ती आपल्या घरच्या नाताळाच्या गोष्टी सांगू लागली. तिच्या बापाची शेती, चहूकडे बर्फ, आणि कोठारात लपवून ठेवलेल्या भेटवस्तू. ज्याला द्यायची त्याला त्या दिवसापर्यंत पत्ता लागू द्यायचा नाही, त्यातच मजा.

"लपवता तो चोर," हौसाबाईने निकाल दिला. "देवचा तर देवन मोकळा व्हवचा."

त्याच दिवसांत हौसाबाईची काळी कोंबडी नाहीशी झाली. पांढऱ्या कोंबड्या सरकारच्या. ही तिची स्वतःची, अंगणात वाढलेली, तिच्या हाकेला ओ देणारी. दोन दिवस ती "बा बा बा" करत कुंपणं धुंडाळत फिरली आणि मग "मुंगसान व्हरल्यान" म्हणून डोळे पुसून गप्प बसली. नोराने त्या वेळी मान खाली घालून काहीतरी टाचायला घेतलं. तिकडे हौसाबाईचं लक्ष नव्हतं.

आणि मग कौल लागला. नाताळच्या तीन दिवस आधी गाव सोडायचा. नोराने साऱ्या गावाला विचारलं, का? एकाने सांगितलं देव शिकारीला निघतो, दुसऱ्याने सांगितलं भुतं हाकलतात, तिसरा म्हणाला आजा करायचा म्हणून. हौसाबाई चटण्या बांधता बांधता म्हणाली, "अगो, देवाक तीन दिवस गाव मोकळो व्हयो. तुका दुपारची खोली मोकळी लागता मां? तसा."

नोराचा चेहरा उजळला. हे मात्र तिला तात्काळ पटलं.

निघायच्या दिवशी जी घाई उडाली ती काय सांगावी! गाय सुटली, पेजेचं भांडं सापडेना, आणि नोरा पांढऱ्या कोंबड्या डालग्यात भरता भरता विचारत होती, "कोंबड्या कशाला न्यायच्या, मावशी? कोल्हे खातील म्हणून का?" हौसाबाईच्या डोक्यावर बोचकं, काखेत सूप, दातांत दोरी. ती म्हणाली, "व्हय, व्हय, चल." ह्या दोन 'व्हय'नी पुढचा सगळा घोळ केला.

माळावर पोचल्यावर तुळसाला आठवलं की मांजर राहिलं. ती बोंबलत परत धावली, मांजराला गोणत्यात घालून घेऊन आली, आणि तिने व्हाळ ओलांडला न ओलांडला तोच ढोल वाजला. शीव बंद झाली. आता कौल मिळेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. म्हाताऱ्या बायांनी तुळसाला अशी झोडपली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मांजर कशाला आणलं?" नोराने हळूच विचारलं. "मांजराला कोल्हा खात नाही."

"कोल्ह्याचा काय घेवन बसलंस? श्वास घेता तां कायच गावात रवचा नाय."

पोरगी मुळात पांढरी, ती आणखी पांढरी झाली. हौसाबाईचा हात धरून तिने तिला झोपडीमागे नेलं. तिथे सगळं बाहेर आलं. काळी कोंबडी मुंगसाने नेली नव्हती. ती खळ्याच्या कडेच्या पेंढ्याच्या उडवीत, आत खोल, खुडुक होऊन बसली होती. नोराला ती सापडली होती. तिने कोंबडीची अंडी काढून तिच्याखाली चांगली सरकारी अंडी ठेवली होती. पिल्लं नाताळला निघणार होती आणि नाताळच्या सकाळी ती मावशीला उडवीपाशी नेऊन दाखवणार होती. तिच्या घरी भेट अशीच देतात. बसलेली कोंबडी हलवली तर अंडी वाया जातात, आणि कोल्ह्याचा हात उडवीत पोचत नाही, म्हणून तिने ती तिथेच राहू दिली.

हौसाबाई मटकन खाली बसली. आधी मनात आलं ते भलतंच: माझी काळी जिवंत आहे! आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ तिची नजर व्हाळापलीकडे, गावाकडे गेली.

"मी आत्ता जाते आणि घेऊन येते," नोरा म्हणाली.

हौसाबाईने तिचं मनगट असं धरलं की वळ उठले. "ढोल वाजलो. आता कोंबडेच्या बरोबर माणूसय आत घालतलंस?"

"मग आपण भाईंना सांगू. आत्ता."

"गप रव."

"का गप? चूक माझी आहे. मी सांगते. ते मला रागावतील."

"तुका कोण रागावतला? तू उद्या जीपगाडयेत बसान जातलंस! माज्या दारात मगे कोण येवचा नाय, माका इस्तव देवचो नाय. तू माजा माणूस, तुजी चूक ती माजी चूक."

नोराचाही तोल गेला. "मी तुझी नाही! मी कोणाची नाही. मी माझी आहे, आणि माझी चूक माझी आहे!"

बोलून गेली आणि जागच्या जागी थिजली. हौसाबाईने हात सोडला. ती चुलीपाशी जाऊन बसली. भाषा नोराला आता नीट येत होती, चुकून बोलली म्हणायची सोय नव्हती, हेच वाईट झालं.

माळावर तीन दिवस जत्राच असते. बाया एकत्र रांधतात, सासवासुना एका चुलीवर भांडायचं विसरतात, बाप्ये पत्ते कुटतात, भजनं रंगतात. पोरींच्या फुगड्यांनी जमीन दणाणते. हौसाबाई त्या सगळ्यात होती आणि नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला व्हाळाकाठी दर्यावर्द्यांच्या बायका ओळीने भांडी घासताना दिसल्या. सीतेचा नवरा गलबतावर, जानकीचा दीर बोटीवर. सगळ्या हसत होत्या. छप्पन साली आपणही अशाच भांडी घासत होतो, आणि तेव्हा ह्या माळावरच कुठेतरी तो माणूस बसला होता, सगळं ठाऊक असून पेज ओरपत. आठ वर्षं तिने ज्याला शिव्याशाप दिले, त्याच्या जागेवर आज ती स्वतः बसली होती.

तो का बोलला नाही ते तिला आता पुरतं कळलं. त्याचंही घर असेल. त्याच्याही दारात कुणी येणार नव्हतं. पण कळलं म्हणून राग गेला नाही, उलट तो आता तिच्या स्वतःवरच उलटला.

नोरा तिच्या आसपास घोटाळायची, पाणी भरून आणायची, लाकडं फोडायची. थँक्यू म्हणायची तिची हिंमत नव्हती. तिसऱ्या संध्याकाळी ती शेजारी येऊन बसली आणि पुस्तकी मराठीत, शब्द जुळवत म्हणाली, "मावशी, मी तुझी नाही असं म्हणाले. ते खोटं आहे."

"म्हायत आसा माका," हौसाबाई म्हणाली. "भाकरी खा."

चौथ्या दिवशी सकाळी सगळा गाव व्हाळाच्या काठाला जमला. मानकरी आणि गुरव आंघोळी करून निघायच्या तयारीत. जायच्या आधी भाई गावकार वळून गावाला विचारतात. तीही चालच आहे. "मंडळीनू, कोणाचा काय चुकला-माकला, रवला-सवरला आसात तर आताच सांगा." आणि सगळ्यांनी एका आवाजात "काय नाय म्हाराजा" म्हणायचं. पिढ्यान्‌पिढ्या तेवढंच उत्तर आलेलं. लोक बोचकी बांधता बांधताच ते म्हणून टाकतात.

"काय नाय म्हा..." एवढ्यात हौसाबाई उठून उभी राहिली.

आवाज एकेक करून विरले. तोंड उघडलं तर शब्द फुटेना. तेवढ्या अवकाशात तिच्या बाजूला नोरा उभी राहिली.

"चूक माझी आहे," नोरा म्हणाली. "माझी कोंबडी गावात राहिली."

"कोंबडी माजी!" आता हौसाबाईचा कंठ मोकळा झाला. "तेका इचारू नकात, भाई. तां अजाण आसा. माजी काळी कोंबडी माज्या उडयेत रवली. मी सांगूक व्हया होता, सांगूक नाय. काय ता माका बोला."

"नाही, अंडी मी ठेवली होती!"

"तू गप रव!"

"मी गप्प राहणार नाही, मावशी!"

तुळसाने कपाळावर हात मारला. मागून कोणी म्हणालं, गोऱ्या बाईला घरात घेतलं तेव्हाच सांगत होतो. कुणी म्हणालं, आता आणखी तीन दिवस. सीता आणि जानकी एकमेकींकडे बघू लागल्या, आणि ते बघणं हौसाबाईच्या काळजात रुतलं.

भाईंनी दोघींकडे एकदा बघून घेतलं. मग पागोटं नीट केलं, गुरवाला "चल" म्हणाले आणि व्हाळात पाय घातला. पलीकडच्या काठावर थांबून त्यांनी देवळाच्या दिशेला हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज ह्यो तुजो गाव तुज्या पायाकडे येवक बघता..."

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडला.

"एक मुका पाखरू चुकान तुज्याकडे रवला. चुकलेल्यानी चूक पदरात घेतल्यानी, लपवक नाय. तां तू गोड मानून घे, आणि चाकरमान्याक, दर्यावर्द्याक, घरच्याक, दारच्याक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मानकरी झाडांत दिसेनासे झाले. एरवी ढोल लगेच वाजतो, त्या दिवशी वाजेना. ऊन अंगावर आलं. पोरं भुकेने रडू लागली. हौसाबाई खाली बसली होती, तिच्या डाव्या हाताला नोरा. दोघींच्या भोवती हातभर जागा आपोआप मोकळी झाली होती. देवाने मला काय करायचं ते करावं, हौसाबाई मनात म्हणत होती, पण समुद्रावरच्या कुणाला काही करू नये. आणि ह्या पोरीला परत पाठवू नये. हे दुसरं मागणं आपल्या मनात कधी शिरलं, तिला कळलंच नाही.

आणि ढोल वाजला.

हौसाबाईला वाटलं भास झाला. पण तुळसा मांजराचं गोणतं फेकून नाचायला लागली होती, सीता रडत होती, बाप्ये आरोळ्या ठोकत व्हाळात उतरले होते. पाकळी उजवीकडून पडली! हौसाबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. ती तिथेच, सगळ्यांसमोर, पोरासारखी हमसून हमसून रडली. हे हलकेपणाचं रडू होतं, आणि तिला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

गाव घराकडे निघाला. देवळाच्या वळणाला पुढची गुरं अडली. म्हणून सगळे अडले. रस्त्याच्या मधोमध काळी कोंबडी चालली होती, मान ताठ, सगळा गाव आपल्याच नावावर असल्याच्या थाटात. तिच्या मागे पिवळीधमक सात-आठ पिल्लं, मापटंभर डाळ सांडल्यासारखी. गावाकडे तिने एकदा तिरका डोळा केला आणि पिल्लांना घेऊन सावकाश कडेला झाली. तेव्हापासून वेळण्यात गावपळणीला निघताना बाया एकमेकींना विचारतात, "उडवी बघितलास मां गो?" आणि मग सगळ्या हसतात.

पण त्या क्षणी कुणी हसलं नाही. भाई देवळातून येऊन समोर उभे होते. तुळसाला राहवलं नाही. "पण भाई, देवाक तीन दिवस एकट्याक रवाचा होता ना?"

"एकटोच रवलो," भाई म्हणाले. "कोंबडी काय देवाक 'खंय चललंस' म्हणान इचारता?"

मग मात्र जो हशा उसळला तो आवरेना. भाई स्वतः हसले नाहीत. ते हौसाबाईजवळ आले आणि तिच्यापुरत्या आवाजात म्हणाले, "छप्पन सालात माका संशय इललो. मी तीनदा इचारलंय. कोण बोलाक नाय. तेच्यानंतर कौल लावताना माजो हात थरथरता, हौसा. आज नाय थरथरलो."

हौसाबाईने मान हलवली. आठ वर्षं गावात आपण एकटीच ते ओझं वाहतो असं तिला वाटत होतं.

ती वळली तर नोरा रस्त्यात उकिडवी बसली होती आणि एक पिल्लू तिच्या ओंजळीत चिवचिवत होतं. ती उठली, दोन्ही हात पुढे केले. "मावशी, आज नाताळ आहे. ही तुझी भेट."

हौसाबाईने पिल्लू हातात घेतलं. मुठीत मावेल एवढंसं ऊबदार, काळीज धडधडणारं. तिला पुष्कळ बोलायचं होतं. विहिरीवर घागर भरून वाहीपर्यंत बोलणारी बाई, तिला एक शब्द सापडेना. शेवटी तिने पोरीला आवडतो तो शब्द आठवून आठवून काढला.

"थांक्यू," ती म्हणाली.

नोराने कपाळाला आठ्या घातल्या, अगदी हौसाबाई घालायची तशा. "ह्या काय गो, मावशी? माका परक्यासारा वाटता."

हौसाबाईने तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. मग दोघींनी पिल्लं सुपात गोळा केली आणि चूल पेटवायला घराकडे निघाल्या.